शेवट न पाहिलेले पाच सिनेमे

माझ्या मावशीने जितके सिनेमे पाहिले तितके आमच्या अख्ख्या गल्लीने मिळून पाहिले नसतील, आणि त्यातल्या एकाचाही शेवट तिने थिएटरात बसून पाहिलेला नव्हता. हे सांगितलं की लोक हसतात. हसू देत. ती थिएटरात डोअरकीपर होती. उशिरा येणाऱ्यांना अंधारात बॅटरीच्या उजेडात खुर्ची दाखवायची, हे तिचं पहिलं काम, त्यामुळे सुरुवात तिला धड कधी मिळालीच नाही. आणि सिनेमा संपत आला की बाजूच्या बोळात जायचं, बाहेरच्या दारांचे अडसर काढायचे, जिन्यातले दिवे लावायचे आणि दार धरून उभं राहायचं, हे शेवटचं काम. दार जड होतं, हात सुटला की आपोआप मिटायचं. दाराला आतून जाड पडदा, उजेड आत जाऊ नये म्हणून. त्या पडद्याच्या अलीकडे मावशी उभी. आत नायिका मरो नाहीतर बोहल्यावर चढो, हिला फक्त कसलातरी गलबला ऐकू यायचा.

थिएटरात तिला सगळे बॅटरीबाई म्हणायचे. कापडी बुटांचा आवाज न करता चालायची सवय तिला तिथे लागली आणि ती तिने घरीही आणली. आपण काहीतरी खात उभं असावं आणि मागून एकदम तिचा आवाज यावा, की छातीत धस्सच व्हायचं. पुढच्या खुर्चीवर पाय टाकून बसणाऱ्याच्या तोंडावर ती बॅटरी मारायची आणि पाय खाली जाईपर्यंत हलवायची नाही. कोणत्या खुर्चीची स्प्रिंग गेली आहे, कोणता म्हातारा रोज तिकीट काढून फक्त झोपायला येतो, हे तिला पाठ. दारातून बाहेर पडणाऱ्यांची तोंडं बघून ती सिनेमा किती आठवडे टिकेल ते सांगायची, आणि मालक तिच्या शब्दावर पुढची पोस्टरं छापायला टाकायचे. सिनेमांची नावं मात्र तिच्या डोक्यात कधी राहिली नाहीत. तिच्या लेखी एक घोड्याचा होता, एक जिन्याचा, एक छत्रीचा.

ती आमच्याकडे राहायला आली तेव्हा मी लहान होते. तिचा नवरा, म्हणजे माझे काका, ट्रक चालवायचे. मोठं काम मिळालंय म्हणून दुसऱ्या शहरात गेले. सुरुवातीला पत्रं आली, मग खुशाली कुणाच्या तरी तोंडून, मग तेही नाही. आईने एक दिवस जाऊन धाकट्या बहिणीची ट्रंक उचलली आणि तिला आमच्या मागच्या खोलीत आणून बसवलं. बाबांनी "बरं केलंस" एवढंच म्हटलं. ते कमी बोलायचे आणि सिनेमाचं त्यांना वावडं होतं.

आई घरी शिलाई मशीन चालवायची. नवीन कपडे ती शिवायची नाही, फक्त दुरुस्ती. आखूड झालेलं लांब करायचं, सैल झालेलं आत घ्यायचं, फाटलेलं असं सांधायचं की शिवण कुठे आहे ते मालकालाही सापडू नये. थिएटरातल्या माणसांना दर सिनेमाला घरच्या एकासाठी पास मिळायचा. तो पास आईचा. दुपारच्या खेळाला जाऊन ती पूर्ण सिनेमा बघून यायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, मावशी कामावर जायच्या आधी, शेवट सांगायची. मावशी स्टुलावर बसून बॅटरीची काच पुसत असायची, आई मशीनवर. "हं, सांग. काय झालं शेवटी?" असं मावशीने म्हटलं की आई पाय थांबवून सुरू करायची. आई काय सांगायची हो! हातवारे, आवाज, घोड्याच्या टापा, सगळं. मला शाळेला उशीर व्हायचा तो त्यामुळेच.

सुट्टीच्या दिवशी मावशीला थिएटरात जाऊन शेवट बघता आला असता. मी एकदा तसं म्हटलंही. "सुट्टीच्या दिवशी पण तिथेच? माझ्या पायांना विचार," असं म्हणून तिने मला उडवून लावलं. पुढे टीव्ही आला, जुने सिनेमे घरबसल्या दिसायला लागले. पण आमच्या टीव्हीला एक विचित्र रोग होता. काही सिनेमे ऐन रंगात आले की तो बंद पडायचा. मेकॅनिक येऊन बघून जायचा, त्याला काही सापडायचं नाही. वायर मशीनखालून जायची आणि मशीनखाली आईचा पाय असायचा, हा संबंध माझ्या लक्षात यायला बरीच वर्षं गेली. हुशार म्हणून माझं घरात नाव होतं, हे इथे मुद्दाम सांगते.

मग थिएटर बंद व्हायचं ठरलं. जागेवर दुकानांची इमारत उभी राहणार होती. जुन्या मालकांचा मुलगा आता मॅनेजर होता. तो एका सकाळी स्वतः घरी आला. खुर्चीवरचा कपड्यांचा ढीग मी उचलला, तेव्हा तो बसला.

"बॅटरीबाई, शेवटच्या आठवड्यात दुपारचा खेळ तुमच्या पसंतीचा," तो म्हणाला. "पाच दिवस, पाच सिनेमे. पण सगळे एकाच जातीचे नकोत. हसायचा, रडायचा, असा एकेक निवडा. आणि यावेळी बॅटरी नाही. मधल्या रांगेत ऐटीत बसायचं. तुम्ही आणि घरचे."

दुसरं कुणी असतं तर विचार करायला दोन दिवस मागितले असते. मावशीने चहाचा कपही खाली ठेवला नाही.

"हसायचा म्हणाल तर दोन आचाऱ्यांचा."

मॅनेजर गोंधळला. "आचाऱ्यांचा? अहो, तो हसायचा कुठे आहे?"

"पोट धरून हसायचा. लिहा तुम्ही. मारामारीचा म्हणजे लंगड्या घोड्याचा. भुताचा तो जिन्याचा. प्रेमाचा छत्रीचा, दुसऱ्या कुणाचं नावच घेऊ नका." मग तिने चहाचा एक घोट घेतला. "आणि रडायचा, ट्रंकेचा."

आईचं मशीन थांबलं होतं. मी आईकडे पाहिलं तर तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. सुई बोटात गेली होती आणि तिला त्याचा पत्ता नव्हता.

मॅनेजर गेला, मावशी आंघोळीला गेली, तशी आईने मला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं.

"मी मेले," ती म्हणाली. "मी तिला शेवट खोटे सांगितलेत."

"कुठल्या सिनेमाचे?"

"सगळ्यांचे नाही गं. मोजक्याच. आणि त्यातले हिने नेमके हेच पाच काढले बघ! त्या आचाऱ्यांच्या सिनेमात दोघेही विष खाऊन मरतात. मी विषाच्या जागी मीठ घातलं. मग सगळी पंगत पाणी पाणी करत हौदाकडे पळते, असं सांगितलं."

मी हसले. अगदी खदखदून हसले. घोडा? घोडा मेला होता. आईने त्याला लंगडत का होईना घरी आणलं होतं. जिन्यावरचं भूत लेकराला घेऊन जातं; आईच्या सांगण्यात ती वरच्या मजल्यावरची झोपेत चालणारी आजी होती. छत्रीतले दोघं दोन वेगळ्या माणसांशी लग्न करतात. आईने त्यांचं एकमेकांशी लावून दिलं होतं. मला हे सगळं फारच आवडलं. पण आई हसत नव्हती.

"आणि ट्रंकेचा?" मी विचारलं.

आईने ओट्याला टेकून सांगितलं. त्या सिनेमात बाई लढाईवर गेलेल्या नवऱ्याची वाट बघते. रोज स्टेशनावर जाते. शेवटी गाडी येते, आणि गाडीतून फक्त त्याची ट्रंक उतरते. हा सिनेमा लागला तेव्हा काकांची खुशालीही येईनाशी झाली होती आणि मावशी नुकतीच आमच्याकडे राहायला आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीने विचारलं, "काय झालं शेवटी?" आईच्या तोंडून ट्रंक काही निघेना. ती म्हणाली, "आला. हातात ट्रंक घेऊन उतरला." तिथून ही सवय लागली.

"मग? एवढंच ना?" मी म्हटलं. मला दुसऱ्याचं दुःख चटकन कळत नाही, हा माझा जुना दोष आहे.

"एवढंच नाही. त्याच वर्षी ऑपरेटरने तिला विचारलं होतं. वर सिनेमाच्या मशीनवर असतो ना, तो. चांगला माणूस होता, एकटा होता. ही म्हणाली, माझा माणूस येईल. कुणाच्या भरवशावर म्हणाली? मी सांगितलं होतं ना, आला म्हणून! मी तेव्हा खरं बोलले असते तर तिने वाट बघणं सोडलं असतं. तिचा संसार झाला असता. आता ती तिथे बसून बघेल की कुणी आलंच नव्हतं. आणि माझ्याकडे बघेल."

मी तिच्या बोटाला पट्टी बांधली. बाबा असते तर त्यांना विचारलं असतं, पण ते जाऊन काही वर्षं झाली होती.

पहिल्या दिवशी आम्ही तिघी मधल्या रांगेत बसलो. मावशीला खुर्चीवर बसवेना. दार वाजलं की मान मागे, कोण आलं, कोण ठेचकाळलं. इंटर्व्हलला पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थाला तिने पाय खाली घ्यायला लावलेच. आई नुसती घामाघूम. मग आचारी विषाची पुडी शोधायला लागले आणि मावशी एकदम उठली.

"दाराशी कोण आहे आज? कँटीनवाला? त्याला अडसर कळतो तरी का?" असं पुटपुटत ती गेली आणि परत आलीच नाही. आईचा जीव भांड्यात पडला. दोन्ही आचारी स्वयंपाकघरात आडवे झाले, ते मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. सगळं थिएटर चिडीचूप. बाहेर पडताना लोकांची तोंडं उतरलेली, आणि दार धरून उभी असलेली आमची मावशी मात्र त्या सगळ्यांकडे बघून हसतेय. मला तिची कीव आली.

घोड्याला, जिन्याला, छत्रीला हेच झालं. वेळ झाली की ही उठायची. अनेक वर्षांची सवय तिच्या पायांत भिनली होती. आईला धीर आला. चौथ्या दिवशी तर ती मध्यंतरात शेंगदाणेही खायला लागली.

पाचव्या दिवशी थिएटर भरलं होतं. शेवटचा खेळ म्हणून जुने लोक आले होते, तो झोपणारा म्हाताराही आला होता आणि जागा होता. स्टेशनावरची बाई तिसऱ्यांदा घड्याळाकडे बघायला लागली तशी मावशी खुर्चीचे हात धरून उठली. तेवढ्यात रांगेच्या टोकाला मॅनेजर उभा.

"आज नाही, बॅटरीबाई. आज दार मी धरतो. तुम्ही शेवट बघायचा."

"अहो, तुम्हाला नाही जमायचं ते. जड आहे."

"जमेल. बसा."

मावशी बसली. आईने माझा हात धरला. "माझं डोकं फार दुखतंय, घरी जाऊ या का?" ती मावशीला म्हणाली.

"तू जा हवं तर. ही येईल सोबत. मी बघते." मावशीची नजर पडद्यावरून हलली नाही.

आई गेली नाही. गाडी आली. डब्याडब्यातून माणसं उतरली, गळ्यात पडली, निघून गेली. फलाट रिकामा झाला. मग एका शिपायाने ट्रंक खाली ठेवली, कागदावर बाईची सही घेतली आणि तो परत डब्यात चढला. बाई रडली नाही. हमाल पुढे आला तर त्याला नको म्हणाली. तिने कडीला दोन्ही हातांनी धरलं आणि ट्रंक ओढत फलाटाच्या टोकापर्यंत नेली. ट्रंकेचा तो घासत जाणारा आवाज बराच वेळ येत राहिला. संपलं.

दिवे लागले. लोक उठले, टाळ्या वाजल्या, कुणी कुणी मावशीच्या खांद्यावर हात ठेवून गेले. ती बसूनच होती. आईच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि तिला रुमालही सापडत नव्हता.

"मी तुला खोटं सांगितलं," आई म्हणाली. "तो आला नव्हता."

"माहीत आहे."

"आता कळलं तुला."

"आता कशाला? तेव्हाच कळलं होतं." मावशीने स्वतःचा रुमाल काढून तिच्या हातात कोंबला. "अगं ताई, मी दारात उभी असते. सगळा गाव माझ्यासमोरून बाहेर पडतो. ट्रंकेच्या वेळी बायका हुंदके देत पायऱ्या उतरत होत्या, पुरुष नाकं शिंकरत होते. नवरा हातात ट्रंक घेऊन सुखरूप उतरला म्हणून का कुणी एवढं रडतं? आणि आचाऱ्यांच्या वेळी? पंगत पाण्याकडे पळाली म्हणून माणसं मयतातून आल्यासारखी निघतात होय?"

इतकं साधं मला कळायला नको होतं? तोंडं बघून आठवडे सांगणारी बाई ती. चार दिवस दारात हसत उभी होती आणि मी तिची कीव करत होते.

"मग मला बोलली का नाहीस?" आईने विचारलं.

"खरा शेवट मला गावात कुणीही सांगितला असता. तुझा कोण सांगणार? त्या माणसाने मला पाच म्हटले, मी तुझे पाच दिले. त्यातल्या त्यात चांगले."

आई रडायची थांबली, पण तिच्या मनातलं अजून आत होतं. तिने मान वळवून मागच्या भिंतीत वर असलेल्या, ऑपरेटरच्या खोलीच्या भोकाकडे पाहिलं. "मी 'आला' म्हटलं म्हणून तू थांबलीस. म्हणून ऑपरेटरला नाही म्हणालीस."

आता मात्र मावशी चिडली. "तुझ्या सांगण्यावरून मी कधी चहातली साखर तरी कमी केली का? ऑपरेटर माणूस चांगला, पण रीळ संपलं तरी जागा व्हायचा नाही. पब्लिक शिट्ट्या मारायचं आणि शिव्या मी खायच्या. दिवसभर त्याला उठवायचं आणि घरी जाऊन पुन्हा त्यालाच उठवायचं? मला तो तेव्हाही नको होता." मग तिचा आवाज खाली आला. "आणि ह्यांचं म्हणशील, तर त्यांनी तिकडे दुसरं घर केलं होतं. ट्रकवाल्यांपैकी एकाने मला दारातच गाठून सांगितलं होतं. ट्रंकेचा लागला त्याच आठवड्यात."

"त्याच आठवड्यात? आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"सांगणार होते. त्याच सकाळी सांगणार होते. पण तू इतक्या जीव तोडून त्याला गाडीतून उतरवलंस, की माझ्याच्याने झालं नाही." मावशीने आईचा हात आपल्या हातात घेतला. "मला फार बरं वाटलं होतं गं त्या दिवशी. खोटं होतं हे माहीत असून बरं वाटलं होतं."

मीही रडले, लपवून काय करायचंय. शेवटी बोळातून मॅनेजरची हाक आली. दार त्याच्या हातून सुटलं होतं आणि तो बाहेर अडकला होता. मावशी "सांगितलं होतं मी" असं म्हणत ते उघडायला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला जायला कुठे कामच नव्हतं. मॅनेजरने बॅटरी तिलाच दिली होती. मला वाटलं, आज ती उशिरापर्यंत पडून राहील. पण मी चहा घेऊन बाहेर आले तर ती नेहमीच्या स्टुलावर, बॅटरी मांडीवर, फडकं हातात. आई मशीनवर कुणाच्या तरी पँटची खालची दुमड उसवत होती.

"हं, सांग," मावशी म्हणाली. "काय झालं शेवटी?"

आईने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिने मशीनवरचे पाय थांबवले, पँट बाजूला ठेवली.

"गाडी आली," ती म्हणाली. "ही गर्दी! सगळी माणसं उतरली, फलाट रिकामा झाला. बाईला वाटलं, झालं, आता नाही येत. तेवढ्यात मागच्या डब्याचं दार उघडलं."

"मग?"

"आला. हातात ट्रंक घेऊन उतरला."

"बरं झालं बाई," मावशी म्हणाली आणि बॅटरीची काच पुसायला लागली.